कुजबुज्याच्या कॅसेटी

तो आवाज सगळा मिळून आठ सेकंदांचा होता.

रविवारची दुपार होती. धनश्री ओट्यावर मोबाइल घेऊन बसली होती. ती हायस्कुलात इंग्रजी शिकवायची आणि जगभरच्या भाषांचा तिला भारी नाद. नेटवर तिचा एक ग्रुप होता. तिथं कुणीही एखादी पाटी, चिठ्ठी, आवाज टाकायचा आणि विचारायचा, ही भाषा कोणती? धनश्रीनं आजवर दोनदा तेलुगू ओळखून दिली होती आणि एकदा कोकणी.

त्या दिवशी कोलिन नावाच्या कुणा इंग्रजानं एक तुकडा टाकला होता. खाली दोनशे उत्तरं पडली होती. कुणी म्हणे हंगेरियन, कुणी म्हणे कुर्दी. एकानं तर ठासून लिहिलं होतं की ही भाषाच नव्हे, माणूस प्यालेला आहे. धनश्रीनं तुकडा लावला. आधी मोठ्या गर्दीची गजबज, आणि मग अगदी माइकला तोंड लावून कुणीतरी कुजबुजलं,

"माले, लई गर्दी हाय बघ. ह्यो शेजारचा खोकायलाय, त्याच्याकडं ध्यान देऊ नको."

दोनशे लोकांना जे कळलं नव्हतं ते आपल्याला सहज कळलंय, हे ध्यानात यायलाच तिला थोडा वेळ लागला.

शेजारी तिच्या सासूबाई, विजयमालाबाई, सुपात तूर घेऊन निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले.

"धने, परत लाव."

तिनं परत लावलं.

"हा दादाचा आवाज हाय," विजयमालाबाई म्हणाल्या. "आमच्या कड्याच्या दादाचा. आन ते माले म्हणलं न्हाई का? ती मी."

धनश्रीनं सासूबाईंकडे पाहिलं. कड्याचे, म्हणजे सासूबाईंच्या माहेरचे, मामा म्हणजे विजयसिंह. पंचायत समितीचे माजी सभापती, वय एकाहत्तर. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, चार माणसांच्या गराड्यात असलेलेच तिनं त्यांना पाहिले होते. हा माणूस कधी कुजबुजला असेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं. त्यांचं साधं "बसा" सुद्धा सभेत म्हटल्यासारखं यायचं.

विजयमालाबाई उठून आत गेल्या आणि कपाटातून साडीचा एक जुना खोका घेऊन आल्या. आत मऊ फडक्यात गुंडाळलेल्या अकरा कॅसेटी होत्या. प्रत्येकीवर मराठी आकडा.

गोष्ट अशी होती. साखरेच्या तंत्राचं शिक्षण घ्यायला विजयसिंह दोन वर्षं हॉलंडला होते. ते १९७८ साली गेले आणि ८० साली परत आले. तिथं त्यांना एका इंग्रजी बँडचं वेड लागलं. बँडचं नाव कॉपर हेरॉन, म्हणजे तांब्याचा बगळा. त्यांची गाणी वीस-वीस, पंचवीस-पंचवीस मिनिटांची. ऑर्गन, बासरी, गिटार, ढोल, आणि मधेच सगळं मिळून असं उसळायचं की एखाद्या मोठ्या देवळातल्या सगळ्या घंटा एकदम हलाव्यात. बँडचा कार्यक्रम जवळपास कुठंही असला की विजयसिंह तिथं हजर. आणि दर वेळी टेपरेकॉर्डर लपवून नेऊन ते सगळा कार्यक्रम भरून घ्यायचे, कड्याला राहिलेल्या धाकट्या बहिणीसाठी. परत आले त्या वर्षीच बहिणीचं लग्न झालं. भावानं आहेरात तो टेपरेकॉर्डर आणि या अकरा कॅसेटी दिल्या. सासूनं ऐकून सगळ्या गावाला सांगितलं, "हिच्या भावानं वरातीचा बँड डब्यात घालून दिलाय."

लग्नानंतर विजयमालाबाई लिंबागणेशजवळच्या या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, राहायला आल्या. शेजारपाजार नव्हताच. दुपारी कामं उरकली की खिडकी उघडी टाकायची, टेप मोठ्यानं लावायचा आणि भाजी चिरत बसायचं. अशी बारा-तेरा वर्षं गेली. पुढंही अधूनमधून लावायच्याच.

"ही तिसरी," त्या धनश्रीला दाखवू लागल्या. "हिच्यात ढोलवाला घाईत हाय, कुठं तरी जायचं असल्यावानी. ही सहावी, बासरीवाल्याला दम लागतो. ही सातवी. हिच्यात मधीच एका बाईला हसू येतं, तर गाणाराबी हसतो."

"पण आई, गाणं तर सगळ्यांत तेच आहे ना?"

"तेच कसं? तू रोज भाकरी करतीस, कालची आन आजची एक होती का?"

धनश्रीनं त्याच संध्याकाळी कोलिनला लिहिलं. भाषा मराठी, जिल्हा बीड, आणि ज्या बाईला उद्देशून हे बोललं गेलं ती माझ्या समोर तूर निवडते आहे. दहाव्या मिनिटाला उत्तर आलं. त्यात उद्गारचिन्हंच जास्त होती.

कोलिनचं म्हणणं असं. बँड चाळीस वर्षांपूर्वी मोडला. आता त्याचे जुने प्रत्यक्ष कार्यक्रम गोळा करून एक मोठा संच काढायचं ठरलं होतं आणि ते काम कोलिनकडे होतं. चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षं हातोहात फिरलेल्या कॅसेटींत सगळ्यांत स्वच्छ आवाज असलेल्या काही कॅसेटी होत्या, आणि त्या प्रत्येकीच्या सुरुवातीला कुणीतरी अनोळखी भाषेत कुजबुजायचं. चाहत्यांनी त्या माणसाचं नावच पाडलं होतं, कुजबुज्या. तो कोण, कुठला, जिवंत आहे की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. फिरत्या प्रती हेंक नावाच्या एका डच विद्यार्थ्यानं काढल्या होत्या, एवढंच ऐकिवात होतं, त्याचा पत्ता कुणापाशी नव्हता. तो विजयसिंहांचा खोलीतला जोडीदार, हे विजयमालाबाईंना ठाऊक होतं.

शेवटी कोलिननं खरं काय ते विचारलं. मूळ कॅसेटी आहेत का? त्यातली उट्रेक्टची, नोव्हेंबर ७९ ची, आहे का? त्या रात्री मोठ्या गाण्याच्या मध्यावर फ्यूज उडाला, विजेवरची सगळी वाद्यं मुकी झाली. किबोर्डवाल्या ग्रॅहमपाशी फक्त एक साधा पियानो उरला. दुरुस्ती होईपर्यंत तो सहा मिनिटं एकटाच वाजवत राहिला, मनात येईल ते. पुन्हा कधीच त्यानं ते वाजवलं नाही. ज्यांनी ऐकलं ते लोक अजून त्याबद्दल बोलतात. हेंकच्या प्रतीत ते नाही, कारण त्याची फीत नेमकी त्याआधी संपली होती.

धनश्रीनं वाचून दाखवलं. विजयमालाबाईंनी नववी कॅसेट हातात घेतली, आणि परत खोक्यात ठेवली.

"ते सहा मिनिटं हिच्यावर व्हते," त्या म्हणाल्या. "आता तिथं तुझ्या मामाचं भाषण हाय."

दुसऱ्या रविवारी सासू-सुना कड्याला गेल्या. धनश्रीचा नवरा प्रविण गाडी चालवत होता. त्याला या सगळ्यात फार रस नव्हता, पण मामाच्या घरचं जेवण चुकवायचं नव्हतं.

झेडपीची निवडणूक तोंडावर आली होती आणि विजयसिंहांचा मुलगा अंगद उभा राहणार होता. अंगणात खुर्च्या भरलेल्या. बहिणीला पाहून विजयसिंह उठले, "या या" म्हणाले. विजयमालाबाईंनी बसायच्या आधीच सुनेच्या हातातला मोबाइल घेतला आणि बटण दाबलं. माले, लई गर्दी हाय बघ. समोरचे तीन-चार जण कान देऊन पुढं झुकले.

"कोण हाय हे?" विजयसिंह म्हणाले.

"तू हायेस."

"मी? काय बी बोलतीस. मी कावून असा बोलंन?"

"तवा केस इथवर वाढवलेते तू," बहिणीनं खांद्याच्याही खाली हात दाखवला. "आन दाढी."

खुर्चीतला एक जण, बंकट नावाचा, भाबडेपणानं म्हणाला, "सायेब, आवाज तर तुमचाच वाटायलाय की."

"गप बे बंकट. जा, चहाचं बघ."

मग ते बहिणीला आणि भाचेसुनेला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटलं.

"माले, तुला काही समजतं का? समोरचे लोक माझी जुनी भाषणं हुडकून हुडकून मोबाइलवर टाकायलेत. त्यात हे घावलं तर? म्हणतील, सभापती परदेशात जाऊन चोरून गाणे भरायचा."

"मंग, भरलेसच की."

विजयसिंहांनी दाराकडे पाहिलं. आणि एकदम हसले. धनश्रीनं त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. नेत्याचं हसू नव्हतं ते.

"भरले," ते म्हणाले. "कोटाच्या अस्तराला आतून खिसा शिवलता. माइक बाहीतून हितं, मनगटापाशी. दोन तास हात हलवायचा न्हाई. सगळे टाळ्या वाजवायचे, मी नुसती मुंडी हलवायचो. अकरा कार्यक्रमाला गेलतो, एक टाळी वाजवली न्हाई बघ."

"आन कुजबुजायचा कशाला?"

"तुला ऐकायचं कसं ते सांगायला. एकटंच ऐकायला मजा येती का?"

मग विजयमालाबाई म्हणाल्या, "नवव्या कॅसेटीवर तुझं भाषण हाय."

विजयसिंहांनी मान खाली घातली. "मला वाटलं, तू इसरलीस."

"तेहेतीस वर्षं झाली. म्या बोलले न्हाई."

"कावून न्हाई बोललीस?"

"तू निवडून आलतास. घरात पेढे वाटायलेते. त्यात मी कशावरून रडू, कॅसेटीवरून?"

ब्याण्णव साली पहिल्यांदा उभं राहताना विजयसिंह चार दिवस बहिणीकडं मुक्कामाला होते. भाषणाचा सराव करायचा म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डर मागून घेतला. कोरी कॅसेट घरात नव्हती. हाताला लागली ती घातली. कॅसेटवर कुणी पुन्हा भरू नये म्हणून तिच्या पाठीवरची प्लॅस्टिकची बारीक खुंटी मोडून ठेवतात, तशी ती हॉलंडात त्यांनी स्वतःच मोडून ठेवली होती. आणि इथं त्यांनीच त्या भोकावर चिकटपट्टी लावून भाषण भरलं.

"मला ठावं होतं ती कोणती हाय," विजयसिंह हळूच म्हणाले. "असं न्हाई की ठावं नव्हतं. वाटलं, आता कोण ऐकतंय हे? आता आपल्याला हेच करायचंय, भाषणं."

चहा आला तेव्हा भावाच्या बशीत बिस्किटं विजयमालाबाईंनीच ठेवली.

निघताना धनश्रीनं विचारलं, "मामा, कोलिनला तुमचं नाव कळवू का?"

"मला यात घालू नका," विजयसिंह म्हणाले, बाहेरच्या आवाजात. गाडी सुरू झाली तसे मात्र खिडकीपाशी वाकले. "त्या माणसाला एक इचार, हेंक हाय का अजून?"

घरी आल्यावर प्रविणनं टेपरेकॉर्डरला वायर लावून कॅसेटी एकेक करून लॅपटॉपवर घेतल्या. टेप चालू स्थितीत होता. विजयमालाबाई दर दिवाळीला त्याचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायच्या. नववीत मोठं गाणं सुरू झालं, चढत गेलं, आणि खट्ट आवाज होऊन मधेच गडगडलं, "बंधू आणि भगिनींनो! आपल्या गणाचा इकास कुणी अडवला?" पुढं सहा मिनिटं रस्ता, पाणी, विजेची डीपी आणि विरोधकांची खोड. "तुमी मला मत द्या, मी तुमाला रस्ता देतो!" इथं पुन्हा खट्ट, आणि लगेच उट्रेक्टच्या दोन हजार माणसांच्या टाळ्यांचा कडकडाट. शिट्ट्या. कुणी तरी आनंदानं ओरडत होतं.

प्रविण खुर्चीवरून खाली यायचा बाकी राहिला. धनश्रीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. विजयमालाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. तेहेतीस वर्षांत त्यांना या गोष्टीचं पहिल्यांदाच हसू आलं होतं.

कोलिननं तो तुकडा ऐकून कळवलं की आपण आणि आपली बायको तीनदा ऐकून बसलोय, एक अक्षर कळत नाही पण वक्ता जबरदस्त आहे. धनश्रीनं विचारल्यावरून त्यानं हुडकलं, तर हेंकही हयात होता, नातवंडांत रमलेला. मग मात्र कोलिननं लिहिलं की पुसलेलं परत आणता येत नाही, आमच्या माणसांनी पाहिलं, खाली काहीच उरलेलं नाही. आणि शेवटची ओळ अशी होती, 'तुमच्या सासूबाईंनी ते बारा वर्षं ऐकलंय. त्यांना ते आठवतं का?'

"आठवतं तर," विजयमालाबाई म्हणाल्या. "पण मी काय गाणारी बाई हाय का?"

दोन दिवस नाही नाही म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच हातपाय धुऊन खुर्चीत येऊन बसल्या. "लाव तुझं ते." डोळे मिटले आणि त्या गुणगुणू लागल्या. धनश्रीला वाटलं होतं, एखादी सोपी धून असेल. पण हे कुठल्या कुठं जात होतं. हळू चालणारं, मधेच थबकणारं, एक पाऊल मागं येऊन दोन पुढं जाणारं. साडेतीन मिनिटं झाली आणि विजयमालाबाई थांबल्या.

"हितून वर जातं," त्या म्हणाल्या. "का खाली?"

पुन्हा आरंभापासून घेतलं. पुन्हा तिथंच अडलं. त्या दिवशी दहा वेळा घेतलं असेल. भाकरी थापताना, गुरांना पाणी दाखवताना, तेच. दुसऱ्या दिवशी तर त्या चिडून कुणाशी बोलेनात. "सगळं होतं माझ्यापाशी," एवढंच म्हणाल्या. धनश्रीला वाईट वाटलं. ज्या बाईला कॅसेट गेल्याचं दुःख एवढी वर्षं गिळता आलं, तिला ती स्वतःही विसरलीय हे गिळता येत नव्हतं.

तूर निघाली होती आणि रान मोकळं झालं होतं. दर वर्षीप्रमाणे सटवा आपल्या मेंढ्या घेऊन आला. मेंढ्या रानात बसवल्या की लेंड्यांचं खत होतं, म्हणून या आखाड्यावर सटवाच्या बापापासून त्यांचा कळप बसायचा. सटवा आता पंचावन्नचा होता. दुपारी उन्हं कलायला लागली तसा त्यानं बांधावर उभं राहून मेंढ्यांना शीळ घातली.

विजयमालाबाई ओट्यावर होत्या. त्या ताडकन उठल्या आणि अनवाणीच ढेकळांतून चालत सुटल्या. धनश्री मागोमाग धावली.

"सटवा! ही शीळ कुठली रे?"

सटवा घाबरला. "कावून आक्का? काय चुकलं का?"

"कुठली हाय म्हणते."

"तुमच्याच खिडकीतली की. बाप मेंढ्या बसवायचा तवा मी हितंच झोपडीत असायचो. तुमी दुपारचं लावायच्या न्हाई का ते? मला ह्योच तुकडा आवडायचा. मी ह्याच्यावरच मेंढ्या वळवल्या. आता त्यांना दुसरी शीळ कळतच न्हाई."

"पुरी येती तुला?"

"शेवटाकडची येती. म्होरची न्हाई ध्यानात."

विजयमालाबाई बांधावरच बसल्या आणि म्हणाल्या, "मी म्होरची म्हणते. मी थांबले की तू घे." त्यांनी साडेतीन मिनिटं म्हटलं, आणि जिथं अडायचं तिथं सटवानं शीळ उचलली. ना वर गेली ना खाली. होती तिथंच, एकाच सुरावर कितीतरी वेळ थांबून राहिली आणि मग अलगद सुटली.

"थांबायचं होतं!" विजयमालाबाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "तिथं थांबायचं होतं, आन मी कवाधरनं वर का खाली करायलेय!"

मेंढ्या चारी बाजूंनी गोळा होऊन त्यांच्याभोवती उभ्या होत्या.

कोलिननं पुढच्या रविवारी दुपारी चारला व्हिडिओ कॉल ठरवला. ग्रॅहम आता ऐंशी वर्षांचा होता. त्याची बोटं सकाळच्या वेळी बरी चालतात, आणि आपल्याकडे चार म्हणजे तिकडे सकाळ. आखाड्यावर रेंज नीट नव्हती, ती बांधावर मिळायची. म्हणून सतरंजी बांधावर टाकली, मोबाइल पाण्याच्या जारला टेकवला आणि प्रविणचा छोटा स्पीकर जोडला.

पडद्यावर पांढऱ्या केसांचा, किडकिडीत, लाजराबुजरा म्हातारा दिसला. मागं पियानो. धनश्री सगळं भाषांतर करत होती. विजयमालाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हटलं. मग सटवानं शीळ घातली. ग्रॅहम हनुवटीवर हात ठेवून ऐकत होता.

"मला काहीच आठवत नाही," तो शेवटी म्हणाला. "पण हे मीच. त्या वर्षी मी असाच वाजवायचो, सारखा दारात घुटमळल्यासारखा."

तो पियानोवर बसला आणि वाजवू लागला. आणि सटवाच्या मेंढ्या, त्या तर रानात पार पलीकडे होत्या, माना वर करून निघाल्या. स्पीकरमधून येत होतं त्या दिशेनं सगळा कळप चालत आला. एक मेंढी सतरंजीवर चढली, दुसरीनं जारला नाक लावलं, मोबाइल आडवा झाला. इंग्लंडात ग्रॅहमला एकदम मेंढीचा मोठा डोळा दिसला. तो वाजवायचा थांबून हसू लागला.

"हाड्! हाड्!" सटवा धावला.

त्याच वेळी आखाड्याच्या रस्त्यानं विजयसिंहांची पांढरी गाडी येऊन उभी राहिली. कॉलची वेळ बहिणीनं त्यांना कळवून ठेवली होती. बरोबर एकही माणूस नव्हता. ते ढेकळांतून पायजमा उचलून धरत आले आणि बहिणीशेजारी सतरंजीवर बसले. मोबाइल सरळ केला.

"सर," ते इंग्रजीत म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "उट्रेक्ट. तिसरी रांग, डावीकडं. फ्यूज उडाला तेव्हा तुम्ही छताकडे पाहून हसलात. मग पियानोवर आधी एकच बोट ठेवलं."

ग्रॅहम पडद्याच्या जवळ आला. "मी हसलो होतो?"

"हसला होता."

"पंचेचाळीस वर्षं लोक मला सांगतात, त्या रात्री मी रडत होतो," ग्रॅहम म्हणाला. "मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं." "म्हणजे कुजबुज्या तुम्ही."

"मीच," विजयसिंह म्हणाले. "आणि पुसलं तेही मीच. माफ करा."

"भाषण मी ऐकलं. टाळ्या चांगल्या पडल्यात."

धनश्रीनं याचं भाषांतर करायच्या आधीच विजयसिंह मोठ्यानं हसले होते. मग ग्रॅहम पुन्हा बसला. या वेळी विजयमालाबाईंनी त्याला तीनदा अडवलं. "न्हाई न्हाई, त्याला सांग, इतकं भरभर न्हाई." "तिथं दोन सूर होते, एक न्हाई." "आन त्या जागी थांबायचं. सटवा थांबतो तसं. त्याला म्हणावं, घाई कशाची हाय?" ऐंशी वर्षांचा तो माणूस शाळकरी पोरासारखा मान हलवत पुन्हा पुन्हा वाजवत होता. शेवटी एकदा सलग सहा मिनिटं झालं तेव्हा विजयमालाबाई काही बोलल्या नाहीत, म्हणून सगळ्यांना कळलं की आता बरोबर आलं.

संच वर्षभरानं निघाला, चोवीस सीडींचा. अकरा कार्यक्रम बीडच्या कॅसेटींवरून घेतलेले. प्रत्येकाच्या आरंभीची कुजबुज तशीच ठेवली आणि सोबतच्या पुस्तकात धनश्रीनं तिचं इंग्रजी करून दिलं. 'खोकायलाय' या शब्दावर तिनं दोन दिवस घालवले. हरवलेली सहा मिनिटं ग्रॅहमनं नव्यानं वाजवून घातली, आणि नावं देताना लिहिलं, आठवणीतून: विजयमाला आणि सटवा. भाषणही कोलिननं शेवटच्या सीडीवर टाकलं. बँडच्या चाहत्यांत आता 'बंधू आणि भगिनींनो' म्हणून एकमेकांना हाक मारायची पद्धत पडली आहे, असं हेंकनं विजयसिंहांना कळवलं. त्या दोघांचं महिन्यातून एकदा फोनवर बोलणं होतं.

विरोधकांनी कुजबुजीचा तुकडा मोबाइलवर फिरवलाच. त्याचा परिणाम एवढाच झाला की लग्नाकार्यात तरुण पोरं विजयसिंहांना गाठून बँडबद्दल विचारायला लागली, आणि ते रस्त्यापाण्याचं सोडून त्यावर तासभर बोलू लागले. अंगद निवडून आला, पण कशानं ते कुणी सांगू शकणार नाही. सटवानं गाणी मेमरी कार्डात भरून घेतली आणि कळप घेऊन पुढच्या गावाला गेला.

विजयसिंह आता पंधरा दिवसांनी तरी आखाड्यावर येतात. दुपारी खिडकी उघडी टाकून दोघं बहीण-भाऊ ऐकत बसतात. त्यांचं म्हणणं, सगळ्यांत भारी कार्यक्रम चौथ्या कॅसेटीवरचा. बहीण म्हणते, चौथ्यात गिटारवाला नुसता मिरवायलाय, भारी तर आठव्या कॅसेटीवरचा. परवा याच्यावरून एवढं वाजलं की विजयसिंह न जेवताच उठून निघाले होते. धनश्रीनं गाडीची किल्ली लपवली म्हणून थांबले.